गोळी सुटण्याआधीचा कायदा

पिंपरी-चिंचवडच्या दैनिकांत, शहराच्या पानावर, एक बातमी पुन्हा पुन्हा येते. भोसरी, चिखली, देहूरोड, चाकण, गावाचे नाव तेवढे बदलते. बातमीदारामार्फत माहिती मिळाली, पोलिसांनी सापळा रचला, तरुणाच्या कमरेला गावठी कट्टा सापडला, खिशात दोन जिवंत काडतुसे. शेवटच्या ओळीत ‘भारतीय हत्यार कायदा कलम ३ (२५) प्रमाणे गुन्हा दाखल’. चहा संपेपर्यंत आपली बातमी वाचून होते. माझ्या मते मात्र त्या पानावरची ती सर्वांत महत्त्वाची बातमी असते, कारण तिच्यात कोणी मेलेले नसते. गोळी सुटण्याआधी कायदा तिथे पोहोचलेला असतो. तो कसा पोहोचतो, कुठे अडतो आणि माणसाच्या हातातल्या पिस्तुलाइतकाच त्याच्या मनातला द्वेष या कायद्याला दिसतो का, हे समजून घ्यायचे तर त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करायला हवी.

३ (२५) हे एक कलम नाही, पोलिसांनी लिहिण्याच्या सोयीसाठी जोडलेली दोन कलमे आहेत. हत्यार कायदा, म्हणजेच शस्त्र कायदा, १९५९ सालचा. त्याचे कलम ३ सांगते, की परवान्याशिवाय कोणीही अग्निशस्त्र बाळगू नये. कलम २५ त्याची शिक्षा सांगते. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने हा कायदा बराच कडक केला. विनापरवाना साधे पिस्तूल बाळगल्याची शिक्षा पूर्वी १ ते ३ वर्षे होती, ती २ ते ५ वर्षे झाली. बेकायदा शस्त्र बनवणे किंवा विकणे यासाठी किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. एका माणसाला परवान्यावर ३ शस्त्रे ठेवता येत, ती संख्या २ वर आली. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत हवेत गोळीबार करणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद, नाहीतर १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कायद्यातले कलम ३९ बातमीत कधीच येत नाही, पण खटला त्याच्याशिवाय उभा राहत नाही. कलम ३ खालचा खटला चालवायचा तर जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे हा अधिकार आयुक्तांकडे असतो. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव ही ग्रामीण पोलिसांकडची ठाणी त्यात आली. लोकांना बदललेली पाटी दिसली. शस्त्रांच्या बाबतीत बदल याहून खोल होता. कारखान्यांच्या या पट्ट्यात कोणाला बंदुकीचा परवाना द्यायचा, कोणाचा रद्द करायचा आणि कट्ट्याच्या खटल्याला मंजुरी द्यायची, हे एका कार्यालयात आले. मंजुरीचा कागद नीट नसेल, जप्त केलेला कट्टा खरोखर गोळी झाडू शकतो असा प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला नसेल, पंच उलटले, तर कमरेला पिस्तूल सापडलेला माणूसही सुटतो. प्रतिबंध म्हटला की डोळ्यांसमोर धाडसी छापा येतो. त्याचा मोठा भाग असा फायलीत असतो.

हे कट्टे येतात कुठून? पुणे परिसरातल्या तपासात एक नाव वारंवार येते: उमर्टी. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातले, जळगावच्या चोपडा तालुक्याला अगदी लागून असलेले हे गाव. तिथले सिकलीगर पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे घडवणारे कारागीर. तलवारी-भाल्यांना धार लावणारा, एकेकाळी शीख फौजांसाठी शस्त्रे बनवणारा हा समाज. फौजा गेल्या, राजाश्रय गेला, हातातली कला राहिली, आणि तिला गिऱ्हाईक मिळाले ते टोळ्यांचे. नुसत्या भट्ट्या मोडून हा प्रश्न सुटणार नाही असे मला वाटते. त्या हातांना दुसरे काम मिळेपर्यंत एक भट्टी विझली की दुसरी पेटणार. पण एवढे खरे, की चाकणच्या चौकात सापडलेल्या कट्ट्याचा तपास चाकणमध्येच थांबवला तर उपयोग शून्य. तो कोणी विकला, त्याला कोणी दिला, ही साखळी मागे मागे नेली तरच ३ (२५) च्या पुढची, बनवणाऱ्या-विकणाऱ्याची जड शिक्षा लागू होते.

इथे एक घटनात्मक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेत प्रत्येक राज्य बंदुकीचा आपापला कायदा करते. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका तरुणाने वर्णद्वेषातून सुपरमार्केटमध्ये १० कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. महिन्याच्या आत त्या राज्याने सेमीऑटोमॅटिक रायफल घेण्याचे वय २१ केले. न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, एखादा माणूस धोकादायक वाटला तर घरचे लोक किंवा पोलीस न्यायालयाकडून त्याच्या बंदुका काढून घेण्याचा आदेश मिळवू शकतात. हा कायदा २०१९ पासून लागू आहे. महाराष्ट्र विधिमंडळाला बंदुकीचा असा वेगळा कायदा करता येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत आहे. राज्याकडे आहेत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस. म्हणून महाराष्ट्राने बंदुकीऐवजी बंदूक धरणाऱ्या माणसावर कायदे केले. आपल्या बोलण्यातले तीन शब्द तिथूनच आले: तडीपार, एमपीडीए, मोक्का.

तडीपारी सर्वांत जुनी. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातल्या कलम ५५ ते ५७ खाली माणसाला २ वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येते. दहशतीमुळे साक्षीदार पुढे येत नाहीत, म्हणून कायद्याने त्यांची नावे उघड न करता म्हणणे नोंदवण्याची सोय ठेवली. १९८१ चा एमपीडीए, म्हणजे स्थानबद्धतेचा कायदा, याच्या पुढचा. हत्यार कायद्याखालचे किंवा मारहाण-चोरीचे गुन्हे वारंवार करणाऱ्याला ‘धोकादायक व्यक्ती’ ठरवून १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते, तेही नव्या गुन्ह्याचा खटला न चालवता. हा फार मोठा अधिकार आहे. म्हणूनच त्यावर कुलपेही आहेत: शासनाने १२ दिवसांत आदेशाला मान्यता दिली पाहिजे, आणि सल्लागार मंडळासमोर प्रकरण गेले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालय यातले अनेक आदेश रद्द करते. जुने गुन्हे आणि आदेश यांत फार अंतर पडले, कागदपत्रे आरोपीला कळणाऱ्या भाषेत दिली नाहीत, अशी कारणे असतात. मला यात न्यायालयाची नरमाई दिसत नाही. खटल्याविना माणसाला आत ठेवायचे, तर निदान कागद तरी बिनचूक हवा.

मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, आला १९९९ मध्ये, मुंबईत टोळ्यांच्या गोळीबाराने बिल्डर, चित्रपट निर्माते, हॉटेलवाले धास्तावले होते तेव्हा. टोळी, पैशासाठी चालणारा सततचा गुन्हा आणि गेल्या १० वर्षांत न्यायालयाने दखल घेतलेली एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रे, हे जुळले तरच तो लागतो. त्यालाही अपर पोलीस आयुक्त किंवा उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मान्यता लागते. चाकण-भोसरी पट्ट्यात हा कायदा का लागतो, हे इथे उद्योग चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. कारखाना आला की भंगाराचा ठेका येतो, कामगार पुरवण्याचा ठेका येतो, मालवाहतूक येते, कॅन्टीन येते. प्रत्येक ठेक्याभोवती गावकी, भावकी, राजकारण आणि कधीकधी कट्टा. १२ मे २०२३ रोजी तळेगाव दाभाडे नगरपरिषदेच्या आवारात जनसेवा विकास समितीचे किशोर आवारे यांच्यावर भरदिवसा गोळ्या झाडून, वार करून त्यांची हत्या झाली. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. मुळाशी पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी होती, आणि त्या प्रकरणात मोक्का लागला. त्यानंतर त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे राज्याला कळले आणि गुन्हे दाखल असलेल्यांचे परवाने रद्द होऊ लागले. परवाना रद्द करण्याचा अधिकार हत्यार कायद्याच्या कलम १७ मध्ये १९५९ पासून होता. तो वापरायला एका सरपंचाचा जीव जावा लागला, ही गोष्ट मनातून जात नाही.

आता कोयत्याकडे वळू, कारण या भागात माणसे गोळीपेक्षा कोयत्याने जास्त घाबरलेली आहेत. बातमीत तेव्हा ४ (२५) असते. शस्त्र नियमांत तलवार, खंजीर, सुरा यांसाठी माप दिले आहे: पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. पण त्याच ओळीत घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराची अवजारे वगळली आहेत. कायदा लिहिणाऱ्यांनी हे शहाणपणाने केले. नाहीतर खेडचा ऊसतोड कामगार आणि भोसरीच्या वर्कशॉपमधला पत्रा कापणारा, दोघेही रोज सकाळी गुन्हेगार ठरले असते. अडचण अशी, की फडातला कोयता आणि दुचाकीवरून नाचवला जाणारा कोयता ही एकच वस्तू आहे. बाजारात १६ वर्षांच्या मुलाने तो विकत घेतला, तर त्या क्षणी गुन्हा कुठला? म्हणून पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ (१) वापरतात. ठरावीक मुदतीसाठी शस्त्र घेऊन फिरण्याला बंदी घालायची आणि मोडणाऱ्यावर कलम १३५ लावायचे. वस्तू तीच राहते, पण रात्री अकरा वाजता चौकात ती हातात असणे हा गुन्हा होतो. अल्पवयीन पोरांच्या बाबतीत हे पुरेसे नाही, हेही खरे. शाळा सुटलेल्या, घरात बाप नसलेल्या किंवा दोन पाळ्यांत राबणाऱ्या घरातल्या पोराला कोयत्याचे रील करावेसे का वाटते, याचे उत्तर कुठल्याच कलमात नाही.

एवढे सगळे झाले हत्यारांबद्दल. हत्याराचे आपल्या कायद्याला चांगले ज्ञान आहे: त्याची लांबी, त्याची संख्या, त्याचा परवाना. द्वेषाच्या बाबतीत मात्र हाच कायदा चाचपडत होता, आणि त्याची सर्वांत कटू साक्ष पुण्यातच आहे. २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये नमाजाहून परतणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारून टाकले. सोशल मीडियावर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे पसरली होती. त्याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये तीन आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाने म्हटले, की मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली: त्यांचे मृताशी वैयक्तिक वैर नव्हते, धर्माच्या नावाने ते भडकवले गेले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारला आणि अशा विधानांबद्दल न्यायालयांना सावध केले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात सर्व आरोपी निर्दोष सुटले. गुन्हा वाढवणारी गोष्ट गुन्हा सौम्य करणारी धरली गेली, याचे कारण केवळ एका आदेशाची भाषा नव्हती. ‘कोण आहे म्हणून मारले’ याला त्या वेळच्या दंडसंहितेत खुनाच्या कलमाजवळ जागाच नव्हती.

ती जागा १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) मध्ये आली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर त्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. अशाच कारणावरून जमावाने गंभीर दुखापत केली तर कलम ११७ (४). चाकणसारख्या ठिकाणी ‘जन्मस्थान’ आणि ‘भाषा’ हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या खोल्यांत मराठवाड्यातला, विदर्भातला, बिहार-झारखंडमधला, ओडिशातला कामगार राहतो. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा नाशिक-पुण्याची स्थानके गाठोडी बांधून निघालेल्या माणसांनी भरली होती. तेव्हा त्यांच्यासाठी हे शब्द खुनाच्या किंवा दुखापतीच्या कलमांत नव्हते.

तरी या कलमात दोन भोके आहेत. एक, ‘धर्म’ हा शब्द थेट लिहिलेलाच नाही. तो समुदाय किंवा श्रद्धा यांतून काढावा लागेल. दुसरे, पाचाचा आकडा. चौघांनी मारले तर? एकट्याने पिस्तूल झाडले तर? २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडणारे दोघे होते. त्या हत्येनंतर अवघ्या काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. दाभोलकर त्यासाठी कित्येक वर्षे झगडत होते. खुनाचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला: गोळी झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, उरलेले तिघे आरोपी पुराव्याअभावी मुक्त. ट्रिगरवरचे बोट सापडले, त्यामागचे डोके सिद्ध झाले नाही.

जमावाच्या हिंसेसाठी वेगळा कायदा काही राज्यांनी केला किंवा मंजूर केला: मणिपूर २०१८ मध्ये, मग राजस्थान, पश्चिम बंगाल, झारखंड यांच्या विधानसभांनी. महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारे समजून डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले गेले. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमायला, अफवांवर लक्ष ठेवायला सांगितले. डवरी गोसावी भटक्या जमातीत मोडतात. म्हणजे त्यांना अॅट्रॉसिटी कायद्याचे छत्रही नव्हते.

आणि ते छत्र किती विचारपूर्वक बांधले आहे, हे पाहिल्यावर बाकीच्यांना ते का नाही असा प्रश्न पडतोच. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. त्यात पाचांचा जमाव लागत नाही, एक माणूस पुरे. जून २०२० मध्ये पिंपळे सौदागरमध्ये एका दलित तरुणाची प्रेमसंबंधाच्या रागातून हत्या झाली, तेव्हा खुनाबरोबर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. नियम ३ मात्र गुन्ह्याच्या आधीचा आहे, आणि हत्यार व द्वेष हे दोन्ही एका वाक्यात धरणारा माझ्या माहितीतला आपल्याकडचा हा एकच नियम. एखादा भाग अत्याचारप्रवण दिसला, तर तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे शस्त्रपरवाने तपासून गरज पडल्यास रद्द करावेत, हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, त्यांची निर्मिती बंद पाडावी. आणि जिवाला धोका असेल तर दलित-आदिवासी व्यक्तीला परवाना द्यावा. हा नियम लिहिणाऱ्याने गाव पाहिलेले होते. माळावर बंदुकीचा बार वाजायच्या आधी ती भिंतीवर कोणाला दिसत राहते, हे त्याला ठाऊक होते. तीस वर्षे हा नियम पुस्तकात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीने दर तीन महिन्यांनी बसून अशाच गोष्टींचा आढावा घ्यायचा असतो. पत्रकारांनी त्या बैठकीला कट्ट्याच्या बातमीइतकी जागा दिली तर किती बरे होईल.

महाराष्ट्राने स्वतःच्या अधिकारात केलेला एक कायदा मात्र देशात पहिला ठरला: सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा. २०१६ मध्ये विधिमंडळाने तो एकमताने मंजूर केला, जुलै २०१७ मध्ये लागू झाला. जातपंचायतीने वाळीत टाकले तर ३ वर्षांपर्यंत कैद, आणि वाळीत टाकण्यासाठी बैठक भरणार असे कळले तर ती भरण्याआधीच रोखण्याची तरतूद. त्याची परीक्षा लगेच पिंपरीतल्या भाटनगरात झाली. कौमार्य परीक्षेविरुद्ध बोलणाऱ्या कंजारभाट समाजातल्याच तरुणांना २०१८ च्या जानेवारीत लग्नात मारहाण झाली, आणि त्याच वर्षी नवरात्रात मोहिमेतल्या एका नवविवाहितेला दांडियातून बाजूला काढल्यावर या कायद्याखाली तक्रार गेली. दांडियाच्या मांडवात हत्यार नव्हते. तरी कायद्याने तिथे गुन्हा ओळखला.

कुठले कलम लागेल हे पुष्कळदा ठरते ते पहिल्या अर्ध्या तासात, ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी. मार लागलेला माणूस हिंदीत किंवा तुटक मराठीत सांगत असतो, समोरचा हवालदार मराठीत टाइप करत असतो. ‘चौघांनी मारले’ की ‘पाच-सहा जण होते’, ‘शिवीगाळ केली’ की ‘कुठून आलास रे म्हणून शिवी दिली’, ‘हत्यार होते’ की ‘कमरेचे पिस्तूल काढून दाखवले’. मारताना ते काय बोलले, हे शब्द फिर्यादीत नसतील, तर पुढे १०३ (२) किंवा ११७ (४) लावायला आधार उरत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, आणि ती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाचीही असो. टाइप झाल्यावर कागद फिर्यादीकडे सरकवला जातो. खाली छापील सवयीची ओळ असते, की वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. निघोज्याच्या खोलीतून आलेला, रात्रपाळी चुकलेला माणूस घाईने तिथे सही करतो. त्याच्या सोबत आलेल्याने त्याला थांबवून आधी तो मजकूर खरोखर मोठ्याने वाचून घ्यावा, त्याच्या भाषेत समजावून सांगावा, आणि राहिलेले वाक्य त्यात घालायला सांगावे.